पाटीपासून चाकापर्यंत

काचेचा घोडा उताराच्या मध्यावर तिरका झाला, तेव्हा माझा धाकटा भाऊ त्याच्या खालच्या बाजूला खांदा लावून उभा होता. भरल्या घोड्याच्या खाली कोणी उभं राहायचं नाही, हा आमच्या कारखान्याचा पहिला नियम. भिंतीवर तो रंगवला होता त्यानेच.

घोडा म्हणजे काचा उभ्या टेकवून न्यायची लोखंडी ट्रॉली. तिच्यावर चौदा काचा होत्या, सहाशे किलोच्या आसपास. मागची दोन चाकं सरळच जाणारी, पुढची दोन वळणारी. मी माथ्यावरच्या खांबाला दोराचे दोन वेढे देऊन टोक धरलं होतं. दोर सोडता येत नव्हता आणि काचांच्या आडून खालचं काही दिसत नव्हतं.

दुसरा नियमही आम्ही त्या दिवशी मोडला होता. घोडा उतारावर घेण्याआधी एकाने वाकून प्रत्येक चाकाच्या एकेका भागाला हात लावायचा, नाव मोठ्याने घ्यायचं, वरून खाली. माझी पुतणी, याच भावाची मुलगी, सात वर्षांची असताना मी एक ट्रॉली उलटी करून तिला हे शिकवलं होतं. तेव्हा ती चाल लावून म्हणायची. आता बावीस वर्षांची आहे, चार महिन्यांपूर्वी आमच्याकडेच कामाला लागली. कुठल्याही गोष्टीवर वाद घालते म्हणून घरात तिला वकीलबाई म्हणतात.

ती पहिल्या चाकाशी वाकलीच होती. तेवढ्यात उताराखाली काचा न्यायला थांबलेल्या ट्रकवाल्याने तिसऱ्यांदा हॉर्न दिला आणि तिचा बाप म्हणाला, “पुरे झाले पाढे, वकीलबाई. कालच मी स्वतः ग्रीस भरलंय.”

आणि आता ती ओरडत होती, “काका, चाक गेलं! घोडा बाबांच्या अंगावर कलतोय!”

“बाबाला म्हणावं, बाजूला हो.”

“कसा होऊ?” खालून भावाचा आवाज आला, दबलेला. “मी हललो की हा आडवा होईल, दादा.”

ट्रकवाला धावत आला. “थांबा, जॅक आणलाय. कोपरा उचलतो, चाक बदलू.”

माझा हात दोरावर ओला झाला होता. पण अशा वेळी आवाज चढवला की समोरच्याच्या डोक्यातलं सगळं सांडून जातं. मी हळूच विचारलं, “बाळा, चाक गेलं म्हणजे काय गेलं? वरून खाली सांग. पाटी?”

“काका, आत्ता?”

“आत्ताच. पाटी?”

तिने श्वास घेतला. “पाटी... घोड्याच्या तळाला घट्ट. चारही बोल्ट आहेत.”

“छर्ऱ्यांची वाटी?” पाटीखाली चाक वळतं ते तिच्यावर.

“एका बाजूने फट पडलीय. तीन छर्रे खाली पडलेत.”

“फोर्क?” चाकाला दोन्हीकडून धरणारा चिमटा तो.

“वाकलेला नाही. पण अख्खा कललाय.”

“एक्सल?”

“ठीक.”

“चाक?”

“चाक चांगलं आहे, काका! रबरसुद्धा शाबूत आहे.”

“ब्रेक?”

“लागलाय. चाक फिरत नाही, पण वरचा फोर्क डुलतोय.”

“मग राहिलं काय?”

ती आणखी खाली वाकली. खाली जॅक सरकवल्याचा आवाज आला. ट्रकवाला दांडा बसवत होता.

“मधली पिन,” ती म्हणाली. “पाटी आणि फोर्क एकत्र धरणारी. तिचा नट जवळजवळ उतरलाय.”

“तर मग उचलायचं का?”

“नाही!” ती ट्रकवाल्यावर ओरडली. “हात लावू नका! वरच्या वजनानेच फोर्क जागेवर बसलाय. कोपरा वर गेला की तो निसटून खाली पडेल. मग सगळं तुमच्या त्या जॅकवर, आणि तोही उतारावर!”

“अगं पोरी, मी वीस वर्षं...”

“टायर बदलले असतील! तो ठोकळा द्या इकडे.”

पुढचं मी फक्त ऐकलं. लाकूड लोखंडाला घासलं. एक ठोकळा, त्यावर दुसरा. “बोटभर जागा उरलीय,” ती पुटपुटली. मग पाचर ठोकल्याचा आवाज, हातोडीचे बेताचे घाव. प्रत्येक घावाला काचा किणकिणत होत्या आणि भावाचा श्वास मला इथवर ऐकू येत होता.

“चाकांपुढेही पाचरी लावल्या. बाबा, आता डावीकडे. हळू.”

“वकीलबाई, नक्की ना?”

“नक्की. या.”

दोराला हिसका बसला. खाली काहीतरी करकरलं, घोडा अर्धं बोट खचला आणि ठोकळ्यावर बसला. चौदाही काचा एकदम वाजल्या, मग शांत झाल्या.

“बाबा आले बाहेर,” ती म्हणाली.

काचा एकेक करून हातांनी उतरवल्या. ट्रकवाल्याने न सांगता सगळ्यांत जास्त फेऱ्या मारल्या. रिकामा घोडा वर ओढून आडवा केला, तेव्हा पुतणीने नटावर बोट ठेवलं. नट मागे फिरू नये म्हणून त्याच्या आरपार एक बारीक स्प्लिट पिन असते. तिचं भोक रिकामं होतं.

भावाने घाम पुसायला खिशातून रुमाल काढला. टण्णकन काहीतरी फरशीवर पडलं. ग्रीस भरताना काढून खिशात ठेवलेली ती पिन होती.

त्याचा चेहरा उतरला.

त्याने पिन उचलून लेकीपुढे धरली. “लाव.”

पोरीने हात मागे घेतले. “तुम्ही लावा, बाबा. पण आधी वरून खाली.”

ट्रकवाल्याने हॉर्न दिला नाही. तो शेजारी उकिडवा बसून बघत होता. भाऊ गुडघ्यावर बसला, हात लोखंडावर ठेवला आणि म्हणाला, “पाटी.”