यशोदाकाकीने ब्रेकला तेल लावलं त्याची गोष्ट

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. कीर्तनात मागे खांबाला टेकून बसणाऱ्याला डुलकी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आज एक गोष्ट सांगतो. गोष्ट ब्रेकची आहे म्हणून नाक मुरडू नका. हिच्यात देवी आहे, टाळ आहेत, आणि मधोमध आमची यशोदाकाकी आहे.

धामापूरच्या वरच्या अंगाला, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उंच माळावरच्या एका वाडीत गणपतकाका आणि यशोदाकाकी राहतात. थोडं भात, थोडे काजू, चार कलमं, आणि माल बाजारात न्यायला एक जुनी पिकअप. त्यांची मुलगी अक्षया कीर्तन शिकत होती. तिचं पहिलंवहिलं कीर्तन त्या संध्याकाळी खाली तळ्याकाठच्या भगवतीच्या देवळात ठरलं होतं. पेटी, तबला, वाजवणारे आणि अर्धी वाडी पिकअपमधूनच उतरणार होती. काकीला एकच ध्यास, लेकीचं नमन सुरू होताना आपण अगदी पुढ्यात बसलेलं असायचं.

पण उतरण मोठी वाईट, आणि पिकअपचे मागचे ब्रेक पार झिजलेले. म्हणून काकांनी आदल्या दिवशी कुडाळहून नवे ब्रेक शू आणले. शू म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याच्या, ड्रमच्या आत बसणारं चंद्रकोरीसारखं लोखंड. त्याच्या पाठीवर एक जाड पट्टा असतो. तो ड्रमला घासला की गाडी थांबते. काकांनी खोका देवापुढे ठेवला आणि ते कलमांना पाणी घालायला गेले.

आता काकीच्या घरची रीत अशी, की नवी कोयती आली तरी तिला खोबरेल चोळून, हळदकुंकू लावून मगच हातात घ्यायची. मग लेकीला देवीच्या पायाशी सुखरूप नेणारं लोखंड कोरडं ठेवायचं? काकीने चारही शू ताटात मांडले आणि न्हाऊ घालायच्या आधी बाळाला चोळावं तसं तेल जिरवलं. वर एकेक जास्वंद वाहिली आणि शू परत खोक्यात ठेवले. मन कसं शांत झालं तिचं!

सकाळी ओंकार मेकॅनिक आला. खोका उघडून त्याने एक शू उन्हात धरला.

"काकी, ह्या चकचकता काय?"

"खोबरेल. घराकडचा, शुद्ध."

ओंकार मटकन खाली बसला. "अगो काकी, ब्रेकाक तेल? भजी तळूची हत काय? ह्यो आता ड्रमाक धरूचोच नाय. गाडी थेट तळ्यात!"

"मग पुसून घे ना."

"पट्ट्यात मुरला ता. वरसून पुसून काय उपेग?"

गणपतकाका ओसरीवरून ओरडले, "माका तळ्यात घालूचो नवस बोललंस काय गो देवीक?" आणि स्वतःच हसत सुटले. पण कुडाळच्या दुकानाला फोन लावला तेव्हा त्यांचं हसू ओसरलं. तो सेट तिथला शेवटचा होता.

काकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी मेलंय खुळी. चेडवाच्या पयल्या कीर्तनाक मीच आडवी इलंय."

आत पदं घोकत बसलेली अक्षया बाहेर आली. "रडा नको गो आवशी. आमी चलत जाव."

"पेटी काय डोक्यार घेवन?" असं म्हणून काकीने पदर खोचला. एक तेलकट शू वर्तमानपत्रात गुंडाळला आणि ती ओंकारच्या मोटारसायकलवर मागे बसली. "चल रे. तेल मी लावलंय, आता नवो आणतलंय पण मीच."

कसालला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मालक बाबलीने गाडीचं साल विचारलं आणि एक झकास खोका पुढे ठेवला. काकीने आपला शू काढून नव्यावर ठेवला, बांगडीवर बांगडी ठेवून माप बघतात ना, तसा. नवा चांगला नखभर रुंद निघाला.

"चालतलो, काकी."

"चालाक इंजिन आसा रे बाबल्या. माका थांबाक होया!"

दुकानातली माणसं खदखदा हसली. बाबलीने दुसरा सेट काढला. माप बरोबर होतं, पण काकीने पट्ट्याच्या कडेला नख घातलं तर तो कोपऱ्यात सुटलेला.

"एवढा कोण बगता, काकी?"

"बाजारात बांगडो पण मी कल्लो उघडून बगतंय. ह्यां तर माज्या चेडवाच्या जिवाचा."

बाबली शिडी लावून माळ्यावर चढला आणि धुळीने माखलेला एक खोका घेऊन उतरला. काकीने शूवर शू ठेवला. रुंदी जुळली, बाक जुळला, स्प्रिंगची भोकं भोकांवर आली. नख घातलं, पट्टा जागचा हलेना.

"ह्यो!" काकी म्हणाली.

बाबलीने हुंगून पाहिलं. "काकी, तुमच्या ह्या जुन्याक खोबरेलाचो वास कसो येता?"

"तू बांध आदी!" काकी म्हणाली, आणि ओंकारला हसून हसून ठसका लागला.

दुपारी ओंकार चाक खोलून बसला, तेव्हा काकी अंगणात पहारा देत उभी. शेजारची सीता हळदकुंकू घेऊन आली, तर काकीने तिला वाटेतच थोपवलं. "लांबसून. ह्येका फकत नमस्कार."

उन्हं कलली तशी भरलेली पिकअप सड्यावरून निघाली. उतरणीच्या अगदी मध्यावर गणपतकाकांनी मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी.

"हलता काय?" काकीने डोळे मिटूनच विचारलं.

"खांबासारखी उभी आसा. उघड डोळे!"

भगवतीच्या जयजयकाराने झाडावरची पाखरं उडाली. टाळ तिथेच वाजायला लागले, ते देवळाच्या दारापर्यंत थांबले नाहीत. काकी पहिल्या रांगेत, पेटीच्या अगदी समोर बसली. अक्षयाने हात जोडून पहिला सूर लावला, तो आधी किंचित थरथरला, मग असा उघडला की काकीला टाळी वाजवायचीही शुद्ध राहिली नाही.

मंडळी, कीर्तन कसं रंगलं ते मी काय सांगू! पण एवढं ऐका. ओंकार त्या दिवशी आत आलाच नाही. हात ग्रीसने काळे, म्हणून बाहेर पायरीवर बसून मान डोलवत राहिला. काकीने त्याला पानावर प्रसाद नेऊन भरवला. तुम्ही देवळात पुढची जागा धरून बसाल तेव्हा एकदा पायरीकडे वळून बघा, आणि आमच्या ओंकारची आठवण काढा.