मान खाली, हलायचं नाही

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, सलूनमधली, गोल फिरणारी. माझं अर्धं बोलणं खरं असतं आणि उरलेलं त्याहून खरं.

माझा पाय ओतीव लोखंडाचा, गादी लाल रेक्झिनची आणि मानेमागे वरखाली सरकणारी उशी. मी दुकानात आले त्या दिवशी आरसा दिवसभर माझ्याकडेच बघत राहिला. त्याला दुसरं काम नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

माझी पाठ मागे कलली की दाढी, सरळ झाली की केस. दाढी करताना एक पैलवान असा झोपला की त्याच्या घोरण्याने मी गरागरा फिरले आणि त्याची एकच मिशी उरली. केस कापताना मात्र माझे मालक भल्याभल्यांच्या डोक्यावर दोन बोटं ठेवून म्हणत, "मान खाली. हलायचं नाही. कान गेला तर मी जबाबदार नाही." हवालदार असो की न्यायाधीश, मान मुकाट्याने खाली जाई.

मग मालकांना अर्धांगवायूचा झटका आला. दुकान बंद झालं आणि मी धूळ खात पडले. मालक इस्पितळातून घरी आले ते बिघडलेलं गिळणं घेऊन. चहाचा घोट घेतला की ठसका लागे, आवाज ओला आणि घोगरा होई. एकदा घास वाट चुकून छातीत गेला, न्यूमोनिया झाला. पुन्हा असं झालं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मालकांनी त्या नळीचा धसकाच घेतला.

मुलीला वाटलं, बाबांना त्यांच्याच खुर्चीत आरामात बसवावं. तिने मला पुसून स्वयंपाकघरात आणलं, माझी पाठ मागे कलवली, मानेखाली उशी सरकवली, अगदी दाढीला बसवतात तसं, आणि चमच्याने सूप भरवलं. इतक्या दिवसांनी काम मिळालं म्हणून मी खूश होते. मालक पहिल्याच चमच्याला काळेनिळे झाले.

दुसऱ्या दिवशी गिळण्याचे उपचार करणाऱ्या बाई आल्या. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला. मान मागे टाकली की घास श्वासाच्या वाटेला जाऊ शकतो, हे त्यांनी समजावलं. मालकांना नीट तपासलं. माझी पाठ ताठ केली, त्यांची कंबर मागे टेकवली, पाय पायदानावर ठेवले. घोट लहान घ्यायचा आणि गिळताना हनुवटी छातीकडे. ही युक्ती सगळ्यांना चालत नाही, तपासूनच ठरवावी लागते, असंही त्या म्हणाल्या.

पण मालकांनी जन्मभर दुसऱ्यांच्या माना वाकवलेल्या. ऐन गिळताना त्यांची मान वर जाई आणि ठसका लागे. मुलीने विनवलं, बाईंनी पुन्हा दाखवलं. शेवटी बाईंनी पेला खाली ठेवला आणि मुलीला हळूच म्हणाल्या की नळीचं बघावं लागेल. मालकांचे कान शाबूत होते. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

तेव्हा मालकीणबाई पुढे आल्या. दुकानामागच्या खोलीत त्यांचा संसार झाला होता, पडद्याआडून सगळं ऐकू यायचं. त्यांनी मालकांच्या डोक्यावर दोन बोटं ठेवली.

"मान खाली," त्या म्हणाल्या. "हलायचं नाही. कान गेला तर मी जबाबदार नाही."

मालकांची मान मुकाट्याने खाली गेली. घोट उतरला. आम्ही सगळे ठसक्याची वाट बघत राहिलो. तो आला नाही.

"आता काहीतरी बोला," बाई म्हणाल्या.

"हात जड आहे हिचा," मालक म्हणाले. आवाज कोरडा आणि स्वच्छ होता.

आता माझी पाठ कलवायचा दांडा मालकीणबाईंनी सुतळीने बांधून टाकलाय. जेवण झालं तरी मालकांना अर्धा तास ताठ बसावं लागतं, आणि तेवढा वेळ ते मला पैलवानाची गोष्ट ऐकवतात. त्यांच्या गोष्टीत पैलवानाच्या दोन्ही मिश्या जातात.

मित्रांनो, घरात कुणाला भरवायची वेळ आली तर आधी त्यांना कसं बसवायचं ते जाणत्यांना विचारा, चमचा मग उचला. आणि माझ्या पायात तेवढं तेल घाला. या वयात ताठ बसणं सोपं नसतं, पण मालक बसतात म्हणून मीही बसते.