अंगठा उठलेली चकती

मी एक चकती बोलतेय. खरं तर पांढरी चकती म्हणायला हवं, पण तो शब्द तोंडाशी आला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. माझ्या तोंडावर एक तपकिरी अंगठा उठलाय. तो पाहिल्याशिवाय तुमची नजर पुढे सरकायची नाही, हे मला ठाऊक आहे. पाहा एकदाचा, म्हणजे मला सांगायला मोकळं होईल.

अंगाने मी नाण्यापेक्षा जरा मोठी. जात ॲल्युमिनियमची. माझा जन्म पेठला, हमरस्त्यालगतच्या विपुलभाऊंच्या शेडमध्ये झाला. त्यांचे आजोबा फतेचंदशेठ यांचं मंचरला रंगाचं दुकान होतं. नातू इंजिनियर झाला आणि म्हणाला, मी उपग्रहाला लावायचा रंग करणार. टपरीवर लोक खो खो हसले. "घरं रंगवायची सोडून आता चांदण्या रंगवणार व्हय राव?"

पण ती थट्टेची गोष्ट नव्हती. वर अंतराळात ना सावली, ना वारा. उन्हात आलेलं यान तव्यासारखं तापतं. तेव्हा त्याच्या अंगावरचा पांढरा रंग ऊन परतवून लावतो आणि पोटातली उष्णता बाहेर टाकतो. रंग पांढरा राहिला तर यान जगलं. पण तिथलं ऊन आणि त्यासोबत येणारे बारीक अदृश्य कण इतके जहाल, की भले भले पांढरे तिथे काळवंडतात. म्हणून आधी जमिनीवरच परीक्षा घेतात. एका टाकीतली सगळी हवा काढून टाकायची, आत रंगवलेल्या चकत्या मांडायच्या आणि कित्येक वर्षांचं ऊन थोड्या आठवड्यांत त्यांच्यावर ओतायचं. त्या परीक्षेसाठी आम्ही जन्मलो, मी आणि माझ्या बहिणी.

आम्हाला रंगवलं गोकुळने. हा आहुप्याचा, डोंगरातला, भातशेतीवाल्या घरचा मुलगा. हात असा हलका की रंगाचा फवारा अंगावर यायचा तो धुक्यासारखा. हातमोज्यांशिवाय त्याने आम्हाला कधी शिवलं नाही. चहाला जाताना झाकून ठेवायचा आणि म्हणायचा, "बसा गं बायांनो, आलोच." विपुलभाऊंनाही तो जवळ येऊ देत नसे.

आम्हाला प्रयोगशाळेत धाडायच्या दिवशी गोकुळ खोका आणायला बाहेर गेला, आणि नेमक्या त्याच वेळी मोहनबाई आत आल्या. मोहनबाई म्हणजे विपुलभाऊंच्या आजी. घर शेडच्या मागेच. घरात कुठलीही नवी चीज आली की म्हातारीने तिला काजळाची तीट लावलीच म्हणून समजा. नातवंडं तर सोडाच, विपुलभाऊंच्या नव्या गाडीच्या बंपरलाही तीट होती. काजळ घरचंच, तुपाच्या दिव्यावर धरलेलं.

"आगं बया, किती गोरीपान हायत ह्या!" म्हणत त्यांनी नेमकं मलाच उचललं. तोंड खराब होऊ नये एवढं भान त्यांना होतं. तान्ह्या बाळाच्या तळपायाला लावतात ना, तशी त्यांनी तीट माझ्या पाठीला लावली. लावताना मी निसटू नये म्हणून दुसऱ्या हाताचा अंगठा माझ्या तोंडावर दाबून धरला. त्या अंगठ्याला तूप होतं.

आणि मला ते आवडलं. आजवर मला कुणी उघड्या हाताने धरलं नव्हतं. मऊ, कोमट हात होता तो. ज्या स्पर्शाने माझं वाटोळं झालं, त्याच्यावर मी भाळले होते. याची आजही मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

तेवढ्यात विपुलभाऊ आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. "आजी, अगं काय केलंस हे!" त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने माझी पाठ चकचकीत पुसली, मला उजेडात धरून पाहिलं. तोंड पांढरंशुभ्र दिसत होतं. मला बाजूला ठेवायला हवं होतं, पण तसं केलं तर कारण सांगावं लागलं असतं. उपग्रहाला काजळ लावणारी माणसं, असं प्रयोगशाळेने म्हटलं असतं. "कुणाला बोलू नको," ते आजीला म्हणाले, आणि गोकुळ परतायच्या आत मी मुकाट्याने बहिणींच्या रांगेत जाऊन बसले.

टाकीत काय झालं ते फार सांगवत नाही. हवा गेली, दिवा पेटला, अंगाची आग आग झाली. बहिणी पांढऱ्या राहिल्या. माझ्या गालावर, तुपाचा अंगठा टेकला होता तिथे, आधी नुसती पिवळट सावली आली, मग तिच्यात रेषा फुटल्या, मग त्या तपकिरी झाल्या. टाकीच्या काचेतून परीक्षा घेणाऱ्या स्नेहल मॅडम वाकून पाहत होत्या. मला तोंड फिरवता येत नव्हतं.

आम्हाला परत पाठवताना त्यांनी विपुलभाऊंना फोन केला. "रंग बरा आहे तुमचा. पण कुणीतरी उघड्या हाताने चकती धरली आहे. ज्यांना चकती धरता येत नाही, त्यांच्या हाती यान कसं द्यायचं आम्ही?"

खोका उघडला तेव्हा गोकुळ शेजारीच होता. माझं तोंड पाहून तो बिचारा पांढराफटक पडला. "भाऊ, आईच्यान सांगतो, मी हातमोजं काढलं न्हाईत."

विपुलभाऊंना संशय आला होता. त्यांनी मला उलटवून, तीट पुसली होती ती पाठ पाहिली. पण ते बोलले ते भलतंच. "रंगवणारा तू एकटाच ना?"

एवढं एकच वाक्य. गोकुळने ॲप्रन खिळ्याला अडकवला आणि तो आहुप्याला निघून गेला. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. तो निर्दोष असल्याची साक्ष माझ्या तोंडावर लिहिलेली होती आणि मी ब्र काढू शकत नव्हते.

पुढे एकदा मोहनबाई डबा घेऊन आल्या. "गोकुळ दिसत न्हाई रं कुठं?" "गेला तो, त्या चकतीपायी," विपुलभाऊ म्हणाले. आजींची नजर टेबलावर गेली. त्यांनी मला उचललं, चष्म्याजवळ नेलं आणि आपला अंगठा माझ्याशेजारी धरला. त्यांच्या अंगठ्यावर विळीने कापल्याची एक तिरपी खूण आहे. ती माझ्या गालावर जशीच्या तशी होती.

"आरं द्येवा," त्या मटकन खाली बसल्या. "म्हातारपणी सही शिकले मी. बँकेत कुनी अंगठा उठवा म्हनलं तर भांडत व्हते. आन हितं उठवून बसले." मग आवाज बदलला. "इपुल, तुला ठावं व्हतं?"

"संशय होता."

"आन त्या पोराला जाऊ दिलंस?"

त्यांनी मला पदराच्या गाठीत बांधलं आणि त्या गाडीत जाऊन बसल्या. विपुलभाऊंनी गाडी आहुप्याच्या रस्त्याला लावली.

आहुप्यात गोकुळ भाताच्या लावणीत होता, गुडघाभर चिखलात. मोहनबाई बांधावर उभ्या राहिल्या, गाठ सोडली आणि मला पुढे केलं. "बाळा, ह्यो तुजा न्हाई, माजा अंगठा हाय. माप कर."

गोकुळची आई झुंबरबाई रोपांची जुडी हातात धरून ऐकत होती. ती म्हणाली, "आजी, तुमी कशापाई? तुमाला काय म्हाईत. म्हाईत व्हतं त्यांनी बोलावं."

गोकुळ विपुलभाऊंकडे न पाहता म्हणाला, "मला काय बी सांगू नका, भाऊ. मॅडमला सांगा."

खाली फोन लागत नव्हता. टेकाडावरच्या एका खडकावर लागतो म्हणे. विपुलभाऊ चपला हातात घेऊन चढले, मागे गोकुळ, आणि गोकुळच्या मुठीत मी. त्यांनी फोनचा आवाज मोठा केला. "मॅडम, तो अंगठा माझ्या आजीचा आहे. गोकुळने हात लावलेला नाही. मला संशय होता, पण लाजेपायी मी बोललो नाही. आजीची लाज वाटली मला."

स्नेहल मॅडम म्हणाल्या, "नव्या चकत्या पाठवा. गोकुळनाच रंगवू द्या."

"लावणी उरकली की येतो," गोकुळ म्हणाला. आणि उरकल्यावर आला. विपुलभाऊंशी पहिल्यासारखं बोलत मात्र नाही, कामापुरतंच बोलतो.

मला त्याने शेडच्या दाराशी खिळ्याला टांगलंय. नव्या चकत्या निघाल्या त्या दिवशी मोहनबाई उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. दारातूनच दोन्ही हात ओवाळून त्यांनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. पण म्हातारीचं तेवढ्याने भागेना. तिने बोटावर काजळ घेतलं आणि त्या अंगठ्याशेजारी, माझ्या तोंडावरच, भली ठसठशीत तीट लावली. "पोरींवरची नजर तुज्यावर जाऊ दे गं बाई," म्हणाली.

माझी लाज गेलेली नाही. विपुलभाऊ आत जाताना रोज माझ्याकडे बघतात आणि मग हातमोजे चढवतात, तेव्हा ती निदान दोघांत वाटली जाते. तुम्ही कधी पेठला आलात तर मला खुशाल पाहा, हसलात तरी चालेल. फक्त कीव येऊन माझं तोंड पुसायला जाऊ नका. नव्या बहिणी अजून टाकीत आहेत.