माशांचं छप्पर

थाविनदादाने माशांच्या पडवीवर नवे पत्रे टाकले आणि त्याच आठवड्यात प्रनोमवहिनी घर सोडून धाकट्या बहिणीकडे गेल्या. या दोन गोष्टींचा संबंध नाखोन पाथोम शहरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीच्या लक्षात आला होता. एकट्या दादाच्या तेवढा आला नव्हता. स्वयंपाकघर चार पावसाळे गळत होतं. वहिनी एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने कढईत तुळस परतायच्या.

दादा बेट्टा पाळतो, म्हणजे लढाऊ मासे. प्रत्येक नराला स्वतंत्र बाटली आणि दोन बाटल्यांमध्ये पुठ्ठा. शेजारी दिसला की हे कल्ले फुगवून काचेवर धडका देतात. देवळाच्या समितीच्या बैठकीतही असे पुठ्ठे लावावेत, असं मी एकदा सुचवलं होतं. तेव्हापासून मला बैठकीला बोलावत नाहीत.

वहिनींची बहीण लामून हिचं नूडल्सचं दुकान माझ्या औषधांच्या दुकानाच्या बरोबर समोर आहे. वहिनी तिथे गेल्यावर दोन-तीन दिवसांनी दादा सकाळीच माझ्याकडे आला आणि काचेच्या दाराआड, वजनकाट्याशेजारी स्टुलावर बसला. केसांना तेल, अंगात इस्त्रीचा सदरा. कुठे दुखतंय, असं मी विचारलं. त्याने हलक्या आवाजात मला माशांची जोडी जमवायचं शास्त्र सांगितलं. जोडी एकदम सोडायची नसते. आधी मादीला काचेच्या भांड्यात घालून नराच्या टबात ठेवायचं, एकमेकांना नीट बघू द्यायचं. तिच्या अंगावर उभे पट्टे उमटले की ती तयार. घाई केली तर कुणाची तरी शेपटी फाटते.

"मग? वहिनींच्या अंगावर उमटले का पट्टे?"

"चेष्टा नको, डॉक्टर. मघाशी तिने दोनदा इकडे बघितलं."

बघितलं होतं, हे खरं. दुसऱ्यांदा बघताना त्यांच्या हातात हाडं तोडायचा सुरा होता, ते मी बोललो नाही.

पुढे रोज तो येऊन बसू लागला. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं त्याच्या चेहऱ्याकडे बघून आपापली औषधं सुचवू लागली. एका आजीने जंतांचं सुचवलं. शेवटी लामूनच डोकेदुखीचा बाम घ्यायच्या निमित्ताने आली. बाम न घेताच तिने विचारलं, "दाजी, मादी सोडायच्या आधी टबात काय लागतं?"

या विषयावर दादाला कुणीही, कधीही विचारावं. तो खुलला. "बदामाचं पान. त्याखाली नर तोंडाने बुडबुडे सोडून घरटं बांधतो. ते पसंत पडलं नाही तर मादी जवळ फिरकत नाही."

"आणि घरटं गळकं असलं तर?"

दादाने स्टूल मागे सारलं. मग उठला आणि मला म्हणाला, "शिडी धरायला येता का?"

दुपारपर्यंत पडवीवरचे पत्रे उतरून स्वयंपाकघरावर चढले. बाटल्या उघड्यावर आल्या. टबातल्या पांढऱ्या नराने कित्येक महिन्यांच्या विनवण्यांनंतर पहिल्यांदाच घरटं बांधलं होतं. एक सर आली असती तर तो फेस फुटून गेला असता, आणि आभाळ भरून आलं होतं. दादाने एकदा वर बघितलं, एकदा टबाकडे बघितलं आणि पुढचा खिळा ठोकला.

ठोकाठोक लामूनच्या दुकानापर्यंत ऐकू गेली असावी. वहिनी आल्या, अंगणातली नळी माझ्या हातात दिली, छपरावर पाणी मारायला खुणावलं आणि आत जाऊन वर बघत उभ्या राहिल्या. मी बराच वेळ पाणी मारलं. दादा शिडीवरच भिजत राहिला.

"कोपऱ्यात एक थेंब पडतोय," आतून आवाज आला.

"एक खिळा राहिलाय."

"मग मारा ना."

त्याने मारला. मी पुन्हा पाणी मारलं. आतून काही आवाज आला नाही.

वहिनी बाहेर आल्या आणि उघड्यावरच्या बाटल्यांकडे बघत राहिल्या. "यांच्यावर काय घालणार?"

"केळीची पानं," दादा म्हणाला. त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास दिसला नाही.

वहिनींनी टबातल्या घरट्यावर आधी एक परात झाकली. मग मला म्हणाल्या, "डॉक्टर, लामूनच्या दुकानामागे जुनी ताडपत्री पडलीय, तेवढी घेऊन या. आणि तिला सांगा, माझे कपडे त्यातच गुंडाळून दे."