वापसा मोडला

भर दुपारी मक्याची पानं वळली तर घाबरायचं कारण नसतं. ऊन उतरलं की ती पुन्हा उलगडतात. पण सकाळी, अजून अंगाला गारवा लागत असतानाच पानं सुरळी होऊन लोंबायला लागली तर? कागलजवळच्या आपल्या रानाच्या बांधावर उभी पूर्णिमा नेमकं तेच बघत होती.

मका ऐन तुऱ्यावर होता. कणसांना केस फुटू लागले होते. या दिवसांत पाणी कमीजास्त झालं, तर कणसं दाण्यांविना राहतात. आणि चंद्री दावणीला राहणार की नाही, ते या कणसांवर होतं. चंद्री म्हणजे रेडकू असल्यापासून पूर्णिमाच्या हातून वाढलेली म्हैस. उसाचं एक रान मोडून मका लावायला सासरे सयाजी एकाच अटीवर तयार झाले होते. "जमलं तर मका कापून मुरघास कर, वरीसभराची वैरण मुरवून ठेव. न्हाय जमलं तर पुन्हा ऊस, आणि म्हस बाजारात. इकतची वैरण घालून मी जनावर पाळणार न्हाय."

ठिबकनं रोज थोडंच पाणी दिलं की वापसा टिकतो, म्हणजे जमिनीत ओलही राहते आणि मुळांना हवाही मिळते. पूर्णिमानं तेच केलं होतं. शेजारच्या गुंडूच्या पाटपाण्यावरच्या मक्यापेक्षा तिचा मका एकसारखा वाढला होता, तोही निम्म्या पाण्यात.

ठिबक तुंबलं असणार, मका तहानेला असणार, असं वाटून ती मोटारीच्या पेटीकडे धावली. बटणावर बोट ठेवलं आणि थांबली. माती तर बघितलीच नव्हती.

परत येऊन तिनं बुडख्याशी हात घातला. तो मनगटापर्यंत आत गेला. मूठ आवळली तर बोटांतून चिखल गळला, आणि आंबूस वास आला. वरून सुकलेला मका खाली पाण्यात गुदमरत होता.

ओलीचा माग काढत ती वरच्या टोकाला गेली. पाटाचं दारं, म्हणजे रानात पाणी घ्यायचं तोंड, फावड्यानं नुकतंच फोडलेलं होतं.

"भिजलं का रान?" मागून सयाजी आले, खांद्यावर फावडं, चेहरा खुशीत. "उसाचं झालं तरी पाट वाहत हुता. आलेली पाण्याची पाळी कुणी सोडतंय व्हय? म्हटलं, घे, चंद्रीच्या वाटणीचं."

"मामा, मक्याला रोज ठिबकचं पाणी हाय की."

"ते पाणी म्हनायचं? पावण्याला चमच्यानं च्या पाजल्यागत."

हे दारं दगडमातीनं कायमचं बंद करायचं तिच्या कितीदा मनात आलं होतं. सासऱ्यांच्या तोंडावर दार लावल्यासारखं दिसेल, म्हणून राहिलं होतं. तिनं मुठीतला चिखल त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो हुंगला. चेहरा उतरला.

"सडतंय व्हय?"

"अजून न्हाय. पाणी काढलं तर वाचंल."

"मग उभी का?"

दोघांनी खालच्या अंगाला चर काढायला घेतला. बांधावरून गुंडूनं विचारलं, "तात्या, लोक पाण्यासाठी भांडत्यात, तुमी घालवताय?"

"दात काढू नकोस. फावडं आण."

गढूळ पाणी ओढ्याकडे निघालं. मग नुसती वाट बघणं. पूर्णिमा रोज पहाटे बांधावर जायची आणि पानांकडे लगेच बघायचं टाळायची. वरच्या सऱ्यांमधली पानं हळूहळू उलगडली. खालच्या सऱ्या पिवळ्या पडल्या, त्या पिवळ्याच राहिल्या.

आठवडा सरला. सयाजींनी मातीची मूठ आवळली. गोळा झाला, बोट लावताच फुटला. वापसा परत आला होता.

"आता सोड ठिबक," ते म्हणाले. "थोडंच."

मग त्यांनी स्वतःच दगड आणून पाटाचं दारं बुजवलं.

"मामा, चंद्रीचं काय?"

त्यांनी एक कणीस सोलून बघितलं. बुडाला कोवळे दाणे धरले होते, शेंडा बोडकाच होता.

"ह्या बाजाराला न्हाय नेत," ते म्हणाले. "फुडच्याचं फुडं बघू."

तिनं मोटार सुरू केली.