पोकळीतलं टिंब

प्रयोगशाळेत त्याला सगळे शंकासुर म्हणायचे. त्याचा साडूही तिथेच, त्याच कामावर होता. कायमची जागा मात्र एकच होती.

काम असं: वर अंतराळात, जिथे कशालाच वजन नसतं, एका काचेच्या पेटीत विजेने वायू उजळवून त्यात बारीक भुकटी सोडलेली. ती ढगासारखी तरंगायची, कॅमेरा फोटो काढायचा. इकडे जमिनीवर हे दोघे वेगवेगळ्या खोल्यांत बसून फोटोतल्या एकेका कणावर टिंब ठेवायचे. एकमेकांचं बघायचं नाही. दोघांच्या याद्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम ताडून पाहायच्या.

तीन आठवडे याद्या हुबेहूब जुळल्या. सिनेमा कुठला बघायचा यावरही ज्याच्याशी आजवर जमलं नाही, त्याच्याशी अठरा हजार कणांवर एकमत? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, शंकासुराने ओळखलं. साडू आपलं ढापतोय.

त्या ढगाच्या मधोमध एक काळी पोकळी असते. कण तिथे टिकत नाहीत, बाहेर ढकलले जातात. दोनशे बाराव्या फोटोत शंकासुराने सापळा म्हणून पोकळीतच एक खोटं टिंब ठेवलं. पक्षपात नको म्हणून डोळे मिटून.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमकडे गेला. "दोनशे बारा. साडूंनी पोकळीत टिंब ठेवलंय का, एवढंच बघा."

"ठेवलंय की."

"बोलवा त्यांना!"

साडू आला, शांतपणे म्हणाला, "फिका कण आहे तिथे. फोटो चौपट उजळ केल्यावर दिसतो."

मॅडमनी दुसऱ्या कॅमेऱ्याचा फोटो लावला. पोकळीच्या पोटात कण होता. अगदी तिथेच.

"शाब्बास! दोघांनीही पकडला," मॅडम म्हणाल्या.

साडू मात्र छताकडे बघत होता.

"पण मॅडम, यांच्या स्क्रीनचं उजेड वाढवायचं बटण मोडलंय. यांचीच तक्रार आहे, तीन पानी. मग यांना दिसला कसा? माझ्या खोलीत तर डोकावले नाहीत ना? शंका आपली."

मॅडमनी चष्मा काढला. "बोला. कसा दिसला?"

चोर ठरावं की थापाड्या, एवढाच प्रश्न उरला होता. शंकासुर प्रामाणिक माणूस होता.

"डोळे मिटून," तो म्हणाला.

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग खुर्ची पुढे ओढून पहिला फोटो उघडला.

"बसा. आता एकेक टिंब सांगायचं. यातली डोळे उघडे ठेवून कुठली?"