तीन भरलेले कप

मित्रांनो, माझ्या दोन्ही पात्यांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर मला खुशाल गंजू द्या.

मी एक जुनी कात्री आहे. सिनेमाच्या पट्ट्या कापणारी. तरुणपणी मी नुसती उघडले तरी वाऱ्याचे दोन तुकडे व्हायचे. एक खिडकीतून जायचा, एक दारातून. सिनेमा जोडणाऱ्या एका ताईंकडे मी कामाला होते. "माझी कात्री चुकत नाही," असं त्या चारचौघांत सांगायच्या. मी फुगले आणि तिथंच माती खाल्ली.

ताईंनी एकटीनं जोडलेला पहिलाच सिनेमा भुताचा होता. दिग्दर्शक कोण, तर त्यांचा धाकटा दीर. सिनेमा पडला असता तर ताईंना पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. गोष्टीत एक म्हातारी घरभर फिरते, सुनेशी गप्पा मारते. शेवटी कळतं, ती कधीचीच मेलेली आहे. म्हणून मधे तीनदा तिच्यापुढचा चहाचा कप दिसायचा. काठोकाठ भरलेला, कुणी न पिता तसाच निवलेला.

"वहिनी, कप उडवा," दीर म्हणाला. "लोक ओळखतील."

"भाऊजी, दिसायला हवा, फक्त लक्षात यायला नको. शेवटी लोकांनी स्वतःच्या कपाळावर हात मारायचा, आपल्या नाही."

"तीन तीन कप? भुताचा सिनेमा आहे, चहाचं दुकान नाही."

दोन दिवस हेच. शेवटी ताई वैतागल्या. कच, कच. तिसऱ्या पट्टीचा तर रागाच्या भरात आम्ही पार चुरा केला. मला तेव्हा मजा वाटली होती. हे सांगताना मान वर होत नाही.

दुपारी घरच्यांना सिनेमा दाखवला. शेवटी म्हातारी भिंतीत विरून गेली, तशा ताईंच्या सासूबाई म्हणाल्या, "ही कधी मेली गं? मी पाणी प्यायला उठले तेव्हा का?"

सगळे खो खो हसले. दीर पटकन म्हणाला, "कापाकापी वहिनींची बरं का." मी टेबलावर पाती मिटून पडले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी कचऱ्याची पिशवी उपसली. दोन पट्ट्या मिळाल्या, त्या जागच्या जागी चिकटवल्या. तिसरीचा चुरा कोण जोडणार? मग सिनेमा शेजाऱ्यांना दाखवला. शेवटाला कुणी हसलं नाही. शेजारीण हळूच म्हणाली, "अगं बाई, कप भरलेलाच होता की. बघत होते मी, आणि मला दिसला नाही."

"हिला दाखवला, मला नाही," सासूबाई फणकारल्या.

सिनेमा तरला. पण तिसऱ्या कपाच्या जागी चित्र अजून ठेचकाळतं. ती ठेच माझी.

मित्रांनो, शेवटच्या धक्क्याची मुळं आधीच्या गुपचूप तुकड्यांत असतात. ते कापले की उरते नुसती फसवणूक. म्हणून धार असलेली वस्तू हाती आली, की आधी जरा थांबा.

काम संपल्यावर ताईंनी मला तेल लावलं, खणात ठेवलं आणि म्हणाल्या, "तुझा काही दोष नाही हो."

आता शपथच घेतलीय, तर सांगून टाकते. तेल लावलं, ते खरं. पण ताई काही बोलल्या नाहीत. ते वाक्य मी खणात पडल्या पडल्या स्वतःसाठी रचलं.